रिडेव्हलपमेंटसाठी पीएमसी नेमला, दोन वर्षांचा अनुभव

खूप दिवस लिहायचं होतं, आज बसलेय. आमच्या सोसायटीने रिडेव्हलपमेंटसाठी पीएमसी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट नेमला त्याला आता दोन वर्षं होत आली, त्या सर्व्हिसचा हा रिव्ह्यू आहे. फर्मचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण चांगलं जेवढं आहे तेवढ्याच तक्रारीही आहेत, आणि मला ना कुणाची जाहिरात करायची ना बदनामी. ही सर्व्हिस काय देते आणि काय देत नाही एवढंच सांगायचंय, सध्या ज्यांच्या दारात बिल्डरची माणसं येतायत त्यांना उपयोग होईल. पाचपैकी चार देईन, एक का कापला ते पुढे येईलच.

आमची बिल्डिंग विलेपार्ले पूर्वेला, १९७४ ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, एकूण १६ घरं. तिसऱ्या मजल्यावर आई एकटी राहते, वय ७९. मी ठाण्याला, दर शनिवारी जाते. माझं नाव सहसभासद म्हणून लावलेलं आहे त्यामुळे तिच्याऐवजी मीटिंगला मी बसते.

आमच्या गल्लीत गेल्या सहा-सात वर्षांत चार बिल्डिंगा पडल्या. हिरव्या जाळ्या, रात्री उशिरापर्यंत डंपर, धूळ, आणि समोरच्या गच्चीवर ज्यांचे पापड वाळत असायचे ती माणसं आता कुठे कुठे भाड्याने राहतात. नव्या टॉवरमध्ये आलेल्या लोकांशी ओळख नाही. आई म्हणते आता खिडकीत उभं राहिलं तर ओळखीचं कोणी दिसतच नाही. हे दडपण कागदावर कुठे येत नाही, पण माणूस सही करतो त्यात याचा मोठा वाटा असतो, सगळे चालले आपणच राहिलो असं वाटायला लागतं.

बिल्डरच्या माणसांची पद्धत तर अगदी ठरलेली. दुपारी यायचे, नोकरदार माणसं घरात नसताना. गोड बोलायचे, काकू काकू करायचे, मिठाईचा बॉक्स. मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, "काकू, सगळ्यांनी संमती दिलीय, तुमच्या एका सहीसाठी बाकी पंधरा घरांचं अडलंय." आई दोन रात्री झोपली नाही हो. तिला वाटलं आपल्यामुळे लोकांचं नुकसान होतंय. मी शनिवारी गेले, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी बोलले तर त्यांनाही शब्दाला शब्द तेच सांगितलेलं, तळमजल्यावरच्या आजोबांनाही तेच. प्रत्यक्षात तोवर सही तिघांचीच होती. आणि त्यातलं एक घर त्या बिल्डरच्याच माणसाच्या नावावर वर्षभरापूर्वी विकत घेतलेलं होतं, म्हणजे तो आमचा सभासदच झालेला. हे लक्षात ठेवा, तुमच्या बिल्डिंगमध्ये अचानक कोणी बाजारभावापेक्षा जास्त देऊन घर घेत असेल तर तो राहायलाच येतोय असं समजू नका.

तर त्या बिल्डरने एक कन्सल्टंट फुकट दिला होता. फीची काळजी करू नका, आम्ही बघून घेतो म्हणाले. त्याचा आठ पानी रंगीत रिपोर्ट, त्यात १३ मजल्यांचं चित्र आणि प्रत्येक घराला ४५ टक्के जादा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. कमिटीतले बरेच जण खुश झाले, खोटं कशाला बोलू, मीही झाले. आईचं घर मोठं होणार, लिफ्ट येणार, अजून काय पाहिजे.

पहिल्या मजल्यावर एक काका आहेत, सरकारी नोकरीतून रिटायर, ते मीटिंगमध्ये उभे राहिले आणि एवढंच विचारलं की हा माणूस पैसे कोणाकडून घेतो? कोणी काही बोललं नाही. मग त्यांनी कलम ७९अ चं सांगितलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या या कलमाखाली सरकारने ३ जानेवारी २००९ ला रिडेव्हलपमेंटची पद्धत ठरवून दिली आणि ४ जुलै २०१९ ला ती सुधारून पुन्हा काढली. आधी विशेष सर्वसाधारण सभा, मग सोसायटीने स्वतः आर्किटेक्ट किंवा पीएमसी नेमायचा, त्याने फिजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल आणि ते परवडेल का याचा अहवाल, करायचा, मग टेंडर, मग उपनिबंधक कार्यालयाच्या अधिकाऱ्यासमोर आणि व्हिडिओ शूटिंग करून बिल्डर निवडायचा, त्यासाठी एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती. आमच्या १६ घरांत म्हणजे नऊ. कमिटीवरचा माणूस बिल्डरचा नातेवाईक नसावा हेही त्यात आहे. कोर्टाने या सूचना दिशादर्शक आहेत असं म्हटलेलं आहे, म्हणजे एखादी पायरी चुकली म्हणून सगळंच रद्द होईल असं नाही, पण पायऱ्या पाळल्या तर सभासदाला प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करायला मिळतो, आणि आम्हाला तेच हवं होतं.

पाच जणांची कोटेशनं मागवली. मुलाखती आमच्याच गच्चीवर झाल्या. ज्यांना नेमलं ते सगळ्यात स्वस्त नव्हते. फिजिबिलिटीचे दीड लाख, जीएसटी धरून १ लाख ७७ हजार, म्हणजे घरटी साधारण ११ हजार. यावरून जी भांडणं झाली ती आता आठवली तरी नको वाटतं. फुकट मिळत असताना ११ हजार कशाला, असं निम्म्या घरांचं म्हणणं. त्यांचं चुकलं असं म्हणत नाही, पेन्शनवर असलेल्या माणसाला ११ हजार म्हणजे खूप असतात. शेवटी दोन घरांचे पैसे बाकीच्यांनी वाटून भरले आणि ते कोणी कोणाला बोलून दाखवलं नाही.

आता सर्व्हिसकडे येते.

पहिलं काम त्यांनी केलं ते मोजमापाचं, आणि मला विचाराल तर १ लाख ७७ हजार तिथेच वसूल झाले. दोन तरुण इंजिनिअर आले, दारात बूट काढले, आईने पाणी दिलं. हातात ते लेझरचं छोटं यंत्र, भिंतीला टेकवायचं आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा. देवघराच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत, मोरीच्या कट्ट्यापासून दारापर्यंत, कपाटं सरकवून मोजलं. आई त्यांच्या मागे मागे, इथे पूर्वी पार्टिशन होतं, इथे माझ्या मिस्टरांनी माळा काढला. एकाने वहीत आकृती काढली आणि प्रत्येक खोलीचा आकडा तिला मोठ्याने वाचून दाखवला, मग त्या कागदावर तिची सही घेतली आणि एक कॉपी तिथेच तिला दिली. भिंतींच्या आतली, फरशीवरची जागा ४१८ स्क्वेअर फूट. १९७४ च्या करारात ५१० लिहिलंय, ते बिल्टअप म्हणजे भिंती धरून मोजलेलं होतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं, इतकी वर्षं आम्ही सगळ्यांना पाचशे फुटांचं घर म्हणून सांगत होतो.

मग त्यांनी तो रंगीत रिपोर्ट मागितला आणि आईच्या टेबलावरच हिशोब करून दाखवला. ४१८ चे ४५ टक्के जादा म्हणजे ६०६. बरोबर, रिपोर्टमध्येही ६०६ च होतं. पण त्या ६०६ मध्ये आतल्या भिंतींच्या जाडीचे २२ फूट, बाल्कनीचे ३८ फूट आणि खिडकीबाहेरच्या ड्राय एरियाचे २६ फूट धरलेले. ते ८६ काढले की उरले ५२०. म्हणजे आज जशी जागा मोजली तशीच उद्याची मोजली तर वाढ ४५ नाही, २४ टक्के. जुनं घर एका पट्टीने मोजायचं आणि नवीन दुसऱ्या पट्टीने. रेरा या रिअल इस्टेट कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत, म्हणजे रेराप्रमाणेही ते घर ५४२ च होत होतं, ६०६ कुठल्याच कायदेशीर व्याख्येत बसत नव्हतं. कोणी आकडा सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा की यात काय काय धरलंय आणि माझं आत्ताचं घर याच पद्धतीने किती भरतं. बाकी काही नाही जमलं तरी एवढं करा.

दुसरं, उंची. पार्ल्यात राहणाऱ्याला विमानांचं वेगळं सांगायला नको, आमच्याकडे बोलताना मध्येच थांबायची सवय लागते. एअरपोर्ट अथॉरिटीचा कलर कोडेड झोनिंग मॅप असतो, त्यावर आपल्या जागेला किती उंची मिळू शकते ते कळतं, आणि ती उंची समुद्रसपाटीपासून असते, आपल्या गेटपासून नाही. म्हणजे आपली जमीन समुद्रसपाटीपासून जेवढी वर तेवढी त्यातून वजा, आणि पाण्याची टाकी, लिफ्टची मशीन रूम हे सगळं त्या उंचीच्या आत बसायला हवं. हे लावल्यावर १३ मजल्यांचे झाले १०. मजले कमी म्हणजे बिल्डरला विकायला घरं कमी, म्हणजे आपल्याला द्यायलाही कमी, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण, कागदावर कितीही दिसू दे. रस्त्याच्या रुंदीवर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, किती वापरता येणार ते ठरतं तेही त्यांनी दाखवलं. उलट एक गोष्ट आमच्या बाजूची निघाली जी फुकटच्या रिपोर्टमध्ये नव्हतीच, मुंबईच्या डीसीपीआर २०३४ या बांधकाम नियमावलीतला ३३(७)(ब) नियम, ३० वर्षांहून जुन्या सोसायटीला सध्याच्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा घरटी १० चौरस मीटर, जे जास्त असेल तेवढं प्रोत्साहनपर बांधकाम. आमचं १५ टक्क्यांनी १११ चौरस मीटरच्या आसपास होत होतं आणि १६ घरांचं १६०. छोटी घरं जास्त असलेल्या सोसायटीला दुसरा हिशोब फायद्याचा पडतो.

तिसरी गोष्ट, आणि या बाबतीत मी त्यांची कायम ऋणी राहीन. त्या पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक पीडीएफ फिरली, स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट, आमची बिल्डिंग सी-१ आहे म्हणून. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, खाली करून पाडायची. कोणी करवून घेतला, कधी केला, कोणालाच माहीत नाही. आईचा मला रात्री साडेअकराला फोन, छत पडेल का गं. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेले. पीएमसीने तो रिपोर्ट वाचून सांगितलं की यात नुसत्या बघून केलेल्या नोंदी आणि फोटो आहेत, एकही टेस्ट नाही. मग त्यांच्या सांगण्यावरून सोसायटीने दुसऱ्या, पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ऑडिट करून घेतलं, हातोडीसारखं रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कॉलमचे कोअर काढून लॅबला पाठवले. निकाल आला सी-२बी. म्हणजे स्ट्रक्चरल रिपेअर लागणार, पण घरं खाली करायची गरज नाही. दोन ऑडिट एकमेकांविरुद्ध असतील तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण जातं हेही आम्हाला तेव्हा कळलं, पण तिथवर जावं लागलं नाही, पहिल्या ऑडिटची जबाबदारी घ्यायला कोणी पुढेच आलं नाही.

त्या कागदानंतर बिल्डिंगमधली हवाच बदलली. आम्हाला वेळ आहे हे कळलं. घाईत असलेला माणूस आणि वेळ असलेला माणूस एकाच टेबलावर बसले तर काय फरक पडतो तो मी पुढच्या मीटिंगमध्ये पाहिला, बिल्डरचे जे लोक तीन महिन्यांत खाली करा म्हणत होते ते टेंडर कधी काढताय असं विचारायला लागले. बिल्डिंग खरंच धोकादायक असेल तर मात्र एक दिवस थांबू नका, जीवापेक्षा मोठं काही नाही, फक्त ते ठरवणारा माणूस तुमचा असू दे.

टेंडरला तीन ऑफर आल्या. सगळ्यांसमोर लिफाफे उघडले. पीएमसीने तुलनेचा तक्ता केला तो चांगला होता, एका बाजूला जागा आणि दुसऱ्या बाजूला बाकीच्या अटी. सगळ्यात जास्त जागा देणारा ३५ टक्के म्हणत होता, पण बांधकाम होईपर्यंत आम्ही बाहेर राहणार त्याचं भाडं जास्तीत जास्त ३६ महिने आणि बँक गॅरंटी, म्हणजे बिल्डर अडकला तर बँक पैसे देईल ही हमी, नाही. ज्यांना निवडलं ते २८ टक्के, म्हणजे आईला ५३५ फूट, तीही आत्ताच्याच पद्धतीने मोजलेली, भाडं महिना ५५ हजार आणि ते ओसी, म्हणजे पालिकेचा राहायला परवानगी देणारा दाखला, मिळून चावी हातात येईपर्यंत, दर वर्षी वाढ, आणि ७९अ च्या सूचनांप्रमाणे प्रोजेक्ट खर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी. ७ टक्के जागा कमी घ्यायला लोक तयार होईनात. साहजिक आहे, पार्ल्यात एकेक फुटाला काय किंमत आहे सगळ्यांना माहितीय.

त्या मीटिंगला सोसायटीचे वकील आले होते. त्यांनी भाषण केलं नाही, फक्त गोरेगावच्या सिद्धार्थनगरचं सांगितलं, ज्याला सगळे पत्राचाळ म्हणतात. ६७२ कुटुंबं, २००८ ला करार, घरं खाली केली, पाडली, मग काम अडकलं, पुढे भाडंही थांबलं, २०१८ ला म्हाडाने बिल्डरचा करार रद्द केला. मग ते म्हणाले की या लोकांना किती फूट कबूल केले होते ते आज कोणी विचारत नाही, भाडं कधी थांबलं तेच विचारतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या सगळ्यात जास्त जागेसाठी भांडत होत्या, त्यांची नणंद गोरेगावला असते. त्या काही बोलल्या नाहीत, हात वर केला. १६ पैकी १३ मतं २८ टक्क्यांना.

वकील पीएमसीचे नव्हते हं, सोसायटीने वेगळे नेमले. हे आवर्जून लिहितेय कारण पीएमसी कायदेशीर कामही करून देतो म्हणतात, पण वकील वेगळा असावा. आमच्या वकिलांनी डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटच्या मसुद्यात ज्या गोष्टी पकडल्या त्या पीएमसीच्या नजरेतून सुटल्या होत्या. "भाडे जास्तीत जास्त ३६ महिने" ही ओळ आमच्या बिल्डरच्या पहिल्या मसुद्यातही होती, टेंडरमध्ये ओसीपर्यंत लिहून दिल्यावर सुद्धा! ती शोधली वकिलांनी. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीमध्ये आमच्या घरांवर कर्ज काढता येईल असा अर्थ निघत होता, तो शब्दच काढायला लावला. स्टँप ड्युटीची आईला कोणीतरी भीती घातली होती की नव्या घराच्या करारावर लाखोंनी भरावे लागतील, त्यावर त्यांनी सांगितलं की फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिलाय, जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या घराच्या करारावर पुन्हा बाजारभावाने स्टँप ड्युटी लागत नाही, शंभर रुपयांच्या स्टँपवर होतो, जास्तीची जागा पैसे देऊन विकत घेतली तरच तेवढ्यावर लागते. भाड्याच्या रकमेतून टीडीएस कापायचा नाही हाही २०२४ चा हायकोर्टाचा निकाल आहे. बऱ्याच सोसायट्यांमध्ये अजून कापतात म्हणे.

आता तक्रारी.

एक, उशीर. फिजिबिलिटीला दोन महिने सांगितले होते, पाच लागले. आज देतो उद्या देतो, फोन उचलायचे नाहीत, मोठे साहेब फक्त पहिल्या मुलाखतीला आणि शेवटच्या मीटिंगला दिसले, मधलं सगळं त्या दोन पोरांवर. पोरं चांगली होती पण निर्णय घेऊ शकत नव्हती. त्या पाच महिन्यांत बिल्डरच्या माणसांना रान मोकळं मिळालं, तीन घरं परत डगमगली.

दोन, भाषा. रिपोर्ट आला तो ९० पानी, पूर्ण इंग्रजीत, एफएसआय, फंजिबल, प्रीमियम, तक्त्यांवर तक्ते. १६ घरांतल्या नऊ घरांत सत्तरीच्या पुढची माणसं आहेत. त्यांनी तो चाळला आणि बाजूला ठेवला. ज्या माणसाच्या घराबद्दल आहे त्याला वाचता येत नसेल तर तो रिपोर्ट कोणासाठी? आम्ही भांडून मराठीत सहा पानांचा सारांश करून घेतला, त्याचेही पैसे मागितले होते, दिले नाहीत. तुम्ही नेमताना पत्रातच लिहून घ्या की मराठी सारांश आणि प्रत्येक घराचा वेगळा एक पानाचा तक्ता द्यायचा.

तीन, आणि यासाठी मी एक मार्क कापलाय. फीची रचना. फिजिबिलिटीचे पैसे सोसायटी देते ते सुरुवातीचेच. पुढची खरी मोठी फी टप्प्याटप्प्याने येते, टेंडर, डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंट, आयओडी (पालिकेची अटींसह पहिली मंजुरी), सीसी (काम सुरू करायची परवानगी), शेवटी ओसी, आणि ती बिल्डरकडून वसूल होते. म्हणजे प्रोजेक्ट झालाच नाही तर पीएमसीला फार काही मिळत नाही. मग तो कधी म्हणेल का की तुम्ही रिडेव्हलपमेंट करू नका, रिपेअर करा? आमची बिल्डिंग सी-२बी होती. रिपेअर करून आणि बाहेरून लिफ्ट बसवून किती खर्च येतो हा पर्याय त्यांच्या ९० पानांत अर्धं पान होता. मी मीटिंगमध्ये विचारलं, दोनदा विचारलं, आकडे आले नाहीत. शेवटी त्या रिटायर काकांनी स्वतः दोन कॉन्ट्रॅक्टरकडून कोटेशन आणली. खर्च जास्त निघाला आणि बाजूला मोकळी जागा नसल्यामुळे लिफ्ट बसतच नव्हती, म्हणून आम्ही रिडेव्हलपमेंटकडे गेलो, पण ते आम्हाला कळायला हवं होतं आणि ज्यांना पैसे दिले त्यांच्याकडून कळायला हवं होतं. माझं स्पष्ट मत आहे की पहिला रिपोर्ट एकाकडून करून घ्या आणि पुढचं काम त्यालाच मिळेल असा शब्द देऊ नका.

चार, एकट्या पडलेल्या सभासदासाठी ही सर्व्हिस नाही. ती सोसायटीची आहे. तळमजल्यावरचे आजोबा, वय ८६, पहिल्या दिवसापासून नको म्हणत होते. हायकोर्टाने वेळोवेळी सांगितलंय की बहुमताचा निर्णय अल्पमतातल्या सभासदांवर बंधनकारक असतो, त्यामुळे कायद्याने त्यांचा विरोध फार टिकला नसता, आणि बिल्डर नोटिसा पाठवायची भाषा करत होता. पीएमसीच्या साहेबांनी हात वर केले, आमचं काम टेक्निकल आहे म्हणाले. पण त्या दोन पोरांपैकी एक, लेझरवाला, तो एका रविवारी आपणहून आला आणि त्यांच्याकडे बसला. मी जिन्यातून जाताना दार उघडं होतं म्हणून आत गेले. आजोबा विरोध का करत होते तर त्यांना आकड्यांशी काही देणंघेणंच नव्हतं. त्यांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या. नव्या बिल्डिंगमध्ये लॉटरीत आठवा मजला आला तर, लाइट गेल्यावर मी उतरणार कसा? आणि बांधून व्हायच्या आधी मी गेलो तर मुलीला घर मिळेल का की बिल्डर म्हणेल करार करणारा राहिला नाही? दोन वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, सगळे जण सही मागत होते. मग वकिलांकडून दोन्ही गोष्टी करारात घातल्या, ७५ च्या वरच्या सभासदांना खालच्या दोन निवासी मजल्यांत प्राधान्य आणि वारसाला तेच घर त्याच अटींवर. हे आईलाही लागू झालं.

आजोबांनी मतदानात विरोधातच हात वर केला, तो मिनिट्समध्ये नोंदवलाय. करारावर सही मात्र केली. का ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

कोणाला घ्यावी ही सर्व्हिस? माझ्या मते बिल्डरचं पहिलं माणूस दारात आलं की लगेच, ब्रोशर उघडायच्या आधी. एकदा ४५ टक्के डोक्यात बसले की मग २८ हा तोटा वाटतो, आमच्याकडे अजूनही दोन घरांना तसंच वाटतं. मुलाखतीत विचारा की तुम्ही कुठल्या सोसायटीला रिडेव्हलपमेंट करू नका असं कधी सांगितलंय का, आणि त्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा नंबर मागा. त्यांनी पूर्ण केलेल्या बिल्डिंगमध्ये जाऊन जुन्या सभासदाच्या घरी बसा, टॉवरच्या लॉबीत नाही. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेला नसेल तर तो आधी बघा, आमचा २०१४ ला डीम्ड कन्व्हेयन्स (जुन्या मालकाच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने होतो तो) झाला होता म्हणून आम्ही वाचलो, शेजारच्या सोसायटीचं सगळं तिथेच अडकलंय.

सध्या आयओडी आलाय. बँक गॅरंटीचा कागद बिल्डरने दिला, पण वकिलांनी तो थेट बँकेकडून पडताळून घ्यायला सांगितलंय, त्याचं उत्तर यायचंय. ते आल्यावर सोसायटी घरं खाली करण्याचं पत्र देईल. आईला शेजारच्याच गल्लीत भाड्याने घर बघून ठेवलंय, पहिल्या मजल्यावर, भाजीवाला तोच राहील म्हणून ती खुश आहे. लेझरवाल्याने दिलेला तो ४१८ चा कागद तिने प्लास्टिकमध्ये घालून देवघराच्या खणात ठेवलाय, १९७४ च्या कराराच्या वर.